पाण्यावरची खोली

लग्नसराई आटोपली की आमच्या कचेरीत मोबाइलवरून फोटो फिरायला लागतात. निळेशार पाणी, त्यात खांबांवर उभी असलेली गवती छपराची खोली, खोलीतून थेट पाण्यात उतरणारा जिना आणि त्या जिन्यावर पाय सोडून बसलेले नवे जोडपे. ठिकाण विचारायची गरजच नसते. मालदीव! एका रात्रीचे भाडे ऐकले की आम्ही कारकून मंडळी आपापल्या फायलींत डोके खुपसतो. आमच्या एल.टी.सी.त मालदीव बसत नाही, हे एका अर्थी बरेच आहे.

भाड्याचे असो. मला कुतूहल वाटत आले ते त्या खोलीचे. माणसाला समुद्राकाठी राहावेसे वाटते हे कळते, पण समुद्रावर? आमच्याकडे खाजनात मानशीपाशी राखणीला बसायला खोप घालतात. तिथे रात्र काढणे ही चैन आहे, असे म्हणणारा मला अजून भेटायचा आहे. डास, ओल आणि भरतीची वेळ सांभाळायची धास्ती. मग ही पाण्यावरची खोली जगातल्या महागड्या खोल्यांत कशी जाऊन बसली? शोधायला गेलो तेव्हा तिचे मूळ मालदीवला नव्हे, पार पॅसिफिक महासागरात निघाले. आणि त्या वाटेवर आपला गोवाही भेटला, तोही एकदा नव्हे, तीनचारदा.

पाण्यावर घरे बांधून राहणे तसे जुनेच. मॅगेलनच्या सफरीत असलेला इटालियन पिगाफेट्टा १५२१ मध्ये ब्रुनेईला पोचला तेव्हा खाऱ्या पाण्यात खांबांवर उभे असलेले अख्खे शहर त्याने पाहिले. तिथे पंचवीस हजार चुली असल्याचे त्याने लिहून ठेवले आहे. भरती आली की बायका होड्यांतून सामान विकत फिरत. हे कांपोंग आयर आजही आहे. पण तिथे लोक पाण्यावर राहत ते व्यापाराच्या आणि मासेमारीच्या सोयीने, हवापालटासाठी नव्हे.

दुसरे उदाहरण पश्चिम आफ्रिकेतल्या बेनिनचे आहे, आणि ते वाचताना माझे मन काही थाऱ्यावर राहिले नाही. तिथे नोकूए नावाच्या सरोवरात गांव्हिए म्हणून गाव आहे, सगळे खांबांवर. तोफिनू लोकांनी ते वसवले, कारण जमिनीवर त्यांना जगणे अशक्य झाले होते. दाहोमीच्या फोन राजांचे सैनिक माणसे पकडून गुलाम म्हणून विकत. पाण्यात शिरून हल्ला करायला त्यांच्या धर्मरूढीची आडकाठी होती असे सांगतात. म्हणून हे लोक पाण्यात शिरले आणि पिढ्यान्‌पिढ्या तिथेच राहिले. पकडलेली माणसे विकली जात ती जवळच्या विदा बंदरात, आणि तिथे इतर युरोपियनांबरोबर पोर्तुगिजांचाही किल्ला होता: साँव जुआंव बातिश्त द अजुदा. १९६१ साली दाहोमीने तो ताब्यात घेतला, म्हणजे आपल्या मुक्तीच्या काही महिने आधी. सालाझारची सत्ता त्या वर्षी इथे आणि तिथे अशी दोन्हीकडून गेली, हे आमच्या शाळेच्या पुस्तकात कधी नव्हते.

आता विदाला गुलाम विकत घ्यायला नाणे कोणते चालत असे, ठाऊक आहे? कवडी! पोत्यांनी भरलेल्या कवड्या. आणि त्या येत कुठून? मोठ्या प्रमाणावर मालदीवमधून. बंगाल किंवा सिलोनमार्गे जहाजांच्या तळाशी भार म्हणून भरून त्या युरोपात जात आणि तिथून आफ्रिकेला. ज्या उथळ निळ्या पाण्यावर आज मधुचंद्राच्या खोल्या उभ्या आहेत, तशाच पाण्यात कमरेइतके उतरून मालदीवच्या बायका कवड्या गोळा करीत. त्या कवड्यांनी माणसे विकत घेतली जात, आणि ती माणसे होण्याचे टाळण्यासाठी दुसरी माणसे पाण्यावर घरे बांधीत. आपण सहज म्हणतो, "फुटकी कवडीही देणार नाही." तुळजाभवानीच्या आराध्यांच्या गळ्यात तीच कवडी असते. एवढ्याशा शंखाने किती लांबचा प्रवास केला बघा.

बरे, आता मूळ मुद्दा. चैनीची पाण्यावरची खोली पहिल्यांदा बांधली गेली ती फ्रेंच पॉलिनेशियातल्या रायाटिया बेटावर, १९६७ मध्ये. बांधणारे तीन अमेरिकन होते: ह्यू केली हा वकील, जे कार्लाइल हा शेअर दलाल आणि डॉन मॅककॅलम, ज्याला सगळे 'मक' म्हणत, तो खेळाच्या सामानाचा विक्रेता. तिघेही कॅलिफोर्नियातल्या न्यूपोर्ट बीचचे. सगळे सोडून ते ताहितीशेजारच्या मोरेआ बेटावर आले आणि व्हॅनिलाचा मळा घेतला. मळ्याने काही त्यांना हात दिला नाही, तेव्हा १९६१ मध्ये तिथलेच एक जुने हॉटेल चालवायला घेतले. ताहितीला जेट विमाने उतरू लागली होती ती नुकतीच. हॉटेल चालले. मग त्यांनी रायाटियावर दुसरे काढायचे ठरवले आणि तिथे घोडे अडले. रायाटियाला पुळणच नाही! डोंगर उतरतो तो सरळ चिखलात आणि प्रवाळात. बीच नसलेल्या हॉटेलात कोण येणार? त्यावर त्यांनी काढलेली युक्ती म्हणजे ही खोली. किनारा नाही ना, मग पाहुण्यालाच पाण्यावर नेऊन ठेवू. गवती छपराच्या खोल्या खांबांवर उभ्या केल्या. खालचे मासे दिसावेत म्हणून फरशीत काच बसवायची रीत या खोल्यांबरोबर आली, तिला गमतीने 'ताहितीचा टीव्ही' म्हणतात. आज ज्याला परमसुख म्हणून विकले जाते, ते मुळात एका उणिवेवर मारलेले ठिगळ होते.

आणि हे ठिगळ तिथेच का टिकले, आपल्याकडे मिरामारला किंवा कोलव्याला का टिकले नसते, याचे उत्तर समुद्रातच आहे. रायाटियाभोवती प्रवाळाचा कडा आहे. मोठ्या लाटा त्याच्यावर बाहेरच फुटतात आणि आतले पाणी तळ्यासारखे शांत राहते. शिवाय ताहितीच्या परिसरात भरतीओहोटीचा फरक जेमतेम फूटभर असतो. खांब रोवून जिना पाण्यात सोडला की तो बाराही महिने पाण्याला टेकलेलाच. आपल्याकडे भरती दीडदोन मीटर चढते, वर जून ते सप्टेंबर अरबी समुद्राचा तो अवतार! पावसाळ्याआधी आमच्या शॅकवाल्यांना सगळे लाकूडसामान उचलून न्यावे लागते, तिथे काचेच्या फरशीचे काय घेऊन बसलात.

हॉटेलचे नाव होते बाली हाय. ते बाली बेटावरून आलेले नाही. जेम्स मिचेनरच्या १९४७ च्या कथासंग्रहात हे एक काल्पनिक बेट आहे. दुसऱ्या महायुद्धात तो नौदलात दक्षिण पॅसिफिकमध्ये होता. नाव त्याने सॉलोमन बेटांतल्या एका खेड्याचे उचलले आणि धुक्यातून दिसणारे रूप वनुआतूच्या अंबाए बेटाचे. त्यावरून १९४९ मध्ये 'साउथ पॅसिफिक' हे संगीत नाटक ब्रॉडवेवर आले आणि १९५८ मध्ये चित्रपट निघाला, त्याचे चित्रीकरण हवाईत झाले. म्हणजे सॉलोमनचे नाव, वनुआतूचा डोंगर, हवाईतला पडदा आणि हॉटेल ताहितीजवळ. पर्यटकाला स्वप्न विकायचे तर ते कुठल्याही एका गावाचे असून चालत नाही, हे त्या धंद्याला तेव्हाच कळले होते.

खरे तर रायाटियाला उसन्या नावाची गरज नव्हती. पॉलिनेशियातल्या दर्यावर्दींचे हे पवित्र बेट. तिथल्या तापुतापुआतेआ या देवस्थानाला २०१७ मध्ये युनेस्कोने जागतिक वारशाचा मान दिला. कॅप्टन कुकबरोबर १७६९ मध्ये निघालेला तुपाइया याच बेटाचा. होकायंत्राशिवाय आसपासच्या कितीतरी बेटांच्या दिशा त्याला तोंडपाठ होत्या, त्याच्या माहितीवरून काढलेला नकाशा आजही अभ्यासला जातो. तुपाइयाचे नाव न घेता रायाटियाची जाहिरात करणे म्हणजे आगाशी न पाहता नुसते कुंपण पाहून परतणे.

त्याच वर्षांतली आणखी एक गोष्ट. १९६६ मध्ये त्याच फ्रेंच पॉलिनेशियातल्या मुरुरोआ या कंकणाकृती बेटावर फ्रान्सने अणुचाचण्या सुरू केल्या. त्या १९९६ पर्यंत चालल्या, शेजारचे फांगाताउफा धरून एकूण १९३. सुरुवातीची आठ वर्षे स्फोट उघड्या हवेत होत. पहिली चाचणी आणि पहिली पाण्यावरची खोली यांत जेमतेम वर्षाचे अंतर आहे. एका बाजूला 'निर्मनुष्य स्वर्ग' म्हणून खोली विकायची आणि दुसऱ्या बाजूला 'निर्मनुष्य' म्हणूनच बॉम्ब फोडायचा. बेट रिकामे आहे असे एकदा ठरले की त्याचे काहीही करता येते. तिथल्या कर्करोगाच्या रुग्णांच्या भरपाईचा झगडा त्यानंतरही कित्येक वर्षे चालू राहिला.

आता मालदीवकडे येऊ. आपल्याला हा देश विमानातून दिसणाऱ्या चकत्यांपुरता ठाऊक, पण गोव्याच्या दप्तरात तो चारशे वर्षांपूर्वीपासून आहे. तिथला एक सुलतान, हसन, राज्य सोडून कोचीनला आला आणि १५५२ मध्ये ख्रिस्ती झाला, नाव पडले दों मानुएल. त्याच्या नावाने पोर्तुगिजांनी १५५८ मध्ये माले घेतले. पंधरा वर्षांनी, १५७३ मध्ये, उथीमू बेटाचा मुहम्मद ठाकुरुफानू याने रात्री होडीतून येऊन छापे घालत घालत ती सत्ता उलथून टाकली. मालदीवचा राष्ट्रीय दिन आजही त्या विजयाचा. आपल्याला पोर्तुगीज घालवायला साडेचारशे वर्षे लागली, त्यांना पंधरा! राज्य गेले तरी ख्रिस्ती 'राजां'चे घराणे पुढे कोचीनला आणि गोव्यात नावापुरते राजेपण मिरवत राहिले.

पणजीत चर्चजवळच जी गार्सिया द ऑर्तांच्या नावाची बाग आहे, त्या वैद्यबुवांनीही मालदीव सोडलेला नाही. १५६३ मध्ये गोव्यात छापलेल्या त्यांच्या ग्रंथात 'मालदीवच्या नारळा'ची चर्चा आहे. हा म्हणजे आपला दर्याई नारळ, दोन फळे जोडल्यासारखा दिसणारा, वैद्य आणि फकीर दोघांच्याही झोळीतला. मालदीवच्या किनाऱ्याला तो वाहत येई, सापडला तर राजाला द्यावा लागे, लपवला तर जबर शिक्षा. विषावर उतारा म्हणून त्याला सोन्याचे मोल होते. पण झाड कुणी पाहिलेले नव्हते. ऑर्तांनी ऐकीव समजूत नोंदवली आहे: पूर्वी ती बेटे म्हणजे सलग जमीन होती, सखल असल्याने ती बुडाली आणि बुडालेल्या माडांचे नारळ वर येतात. झाड खरे तर सेशेल्समध्ये होते, ते १७६८ मध्ये सापडले. समजूत चुकीची ठरली, पण त्या बेटांचे नाव काढताच बुडण्याची गोष्ट निघायची रीत तेव्हापासूनची दिसते.

सगळ्यांत मजेदार माणूस म्हणजे फ्रान्वा पिरार, लावाल गावचा फ्रेंच. १६०२ च्या जुलैत त्याचे 'कोर्बिन' नावाचे जहाज मालदीवच्या प्रवाळावर फुटले. पुढची जवळजवळ पाच वर्षे त्याला बेटे सोडायची परवानगी मिळाली नाही. तो तिथली भाषा शिकला, आणि सगळे बारकाईने पाहिले. एका वर्षात तीसचाळीस जहाजे नुसत्या कवड्यांनी भरून बंगालकडे गेलेली त्याने पाहिली. तिथे बेटांच्या कंकणाला 'अतोळू' म्हणतात. पिरारने तो शब्द युरोपात नेला. पुढे डार्विनला प्रवाळबेटांचा विचार करताना पिरारचे वर्णन आठवले, आणि 'अटोल' हा जगभरच्या भूगोलाचा शब्द झाला. डार्विनच्या मते ज्वालामुखीचे बेट हळूहळू खाली बसते, प्रवाळ मात्र वर वाढत राहतो, शेवटी मधले बेट नाहीसे होऊन कडे तेवढे उरते. रायाटिया त्या गोष्टीच्या मध्यावर आहे, मालदीव शेवटाला.

१६०७ मध्ये बंगालकडून आलेल्या लुटारूंनी माले लुटले, त्यांचा डोळा म्हणे त्या फुटलेल्या जहाजाच्या तोफांवर होता. त्या गडबडीत पिरार सुटला. बंगाल, कालिकत, कोचीनचा तुरुंग असे करत १६०८ मध्ये तो आजारी अवस्थेत गोव्याला पोचला आणि मांडवीकाठच्या राजाच्या इस्पितळात दाखल झाला. त्या इस्पितळाचे त्याने केलेले कौतुक वाचण्यासारखे आहे. स्वच्छ बिछाने, चिनी मातीच्या ताटल्यांतून जेवण. जगात असे दुसरे नसेल असे त्याला वाटले. पाच वर्षे 'स्वर्गीय' बेटांवर काढलेल्या माणसाला सुख भेटले ते जुन्या गोव्याच्या इस्पितळात!

आता योगायोग पाहा. १९७१-७२ च्या सुमारास मालदीवला पर्यटनाचा मार्ग दाखवणारा इटालियन प्रवासी एजंट, त्याचेही आडनाव कोर्बिन. जॉर्ज कोर्बिन. त्याआधी संयुक्त राष्ट्रांच्या पथकाने या देशात पर्यटन शक्य नाही असा अभिप्राय दिला होता. तिथे ना बँक होती, ना धड गोडे पाणी. सुकवलेला मासा सिलोनला विकणे हाच मुख्य धंदा, आणि नेमक्या त्याच काळात सिलोनने आयात आखडती घेतली होती. कोर्बिनने मालेच्या काही तरुणांना हाताशी धरून १९७२ च्या फेब्रुवारीत पहिली टोळी आणली, तिला घराघरांतून उतरवले. ३ ऑक्टोबर १९७२ ला कुरुंबा हे पहिले रिसॉर्ट सुरू झाले. प्रवाळाचा दगड आणि माडाची झापे यांच्या तीस खोल्या, नळाला मचूळ पाणी. कुरुंबा म्हणजे शहाळे. पहिली बँक आली १९७४ मध्ये, तीही आपली स्टेट बँक. पाण्यावरच्या खोल्या त्यानंतर आल्या आणि मग रायाटियाचे नाव मागे पडले.

१९७४ मध्येच आग्वादच्या किल्ल्यापाशी ताजचे हॉटेल झाले. म्हणजे दोन्हीकडची सुरुवात जवळजवळ एकाच वेळची. पण वाटा निराळ्या. मालदीव सरकारने धोरण ठेवले: एक बेट, एक रिसॉर्ट, आणि तेही वस्ती नसलेल्या बेटावर. जवळजवळ बाराशे बेटांतल्या दोनशेच्या आत वस्ती, बाकीची सरकारी मालकीची, ती भाडेपट्ट्याने द्यायची. पाहुण्याने हवे ते प्यावे, हवे ते ल्यावे, गावाशी संबंध नाही. आपल्याकडे रिकामे बेट नव्हते. कळंगुट हे गाव होते, बागा हा वाडा होता, माडाखाली रेंदेराचे घर होते. पर्यटक आला तो थेट अंगणात. १९८७ च्या सुमारास चार्टर विमानांतून आलेल्यांचे 'जागृत गोंयकारांची फौज' वाल्यांनी शेणाने स्वागत केले, ते आठवत असेल. मग १९९१ मध्ये केंद्राची सीआरझेड अधिसूचना आली आणि भरतीरेषेपासून किती मीटर हा वाद आमच्या कचेऱ्यांत कायमचा मुक्कामाला आला. त्या फायली मी हाताळल्या आहेत, एकेक इतकी जाड की उशाला घ्यावी.

आमचे कुणी कुणी म्हणतात, मालदीवने केले ते शहाणपणाचे, गाव वाचले. मला ते अर्धेच पटते. गाव वाचले, पण गावाच्या हातात पैसाही कमी पडला. बेटावरचा मुलगा नोकरीला लांबच्या रिसॉर्टवर जाणार, महिनोन्‌महिने घरी येणार नाही, आणि आईबापांना ते रिसॉर्ट पाहायलाही मिळणार नाही. आपल्याकडे निदान एखादी म्हातारी दोन खोल्या भाड्याने देऊन पोराचे शिक्षण करू शकली. त्याची किंमत आपण विहिरींच्या पाण्यात आणि रात्रीच्या झोपेत मोजली, हेही खरे.

रिकाम्या बेटालाही कचरा चुकत नाही. माले आणि रिसॉर्टे यांचा कचरा टाकायला १९९० च्या दशकात थिलाफुशी नावाच्या उथळ पाण्यात भर घालत घालत एक नवे बेटच तयार झाले. १९९८ मध्ये समुद्र तापला तेव्हा उथळ पाण्यातला बहुतांश प्रवाळ पांढरा पडून मेला, २०१६ मध्ये पुन्हा तोच प्रकार. लाटा अडवणारा कडाच मेला तर खांबांवरची खोली कशाच्या भरवशावर उभी राहणार? २६ डिसेंबर २००४ च्या त्सुनामीत ऐंशीहून अधिक माणसे गेली. हा देश समुद्रसपाटीपासून सरासरी दीड मीटर उंच. १७ ऑक्टोबर २००९ ला राष्ट्राध्यक्ष मोहम्मद नशीद यांनी मंत्रिमंडळाची बैठक पाण्याखाली घेतली, मंत्री हवेच्या नळ्या लावून सह्या करीत होते. आमच्या खात्यातल्या एका साहेबांनी तो फोटो पाहून विचारले होते, "इतिवृत्त कोणी लिहिले असेल हो?"

नशीद यांच्याच काळात, २००९ पासून, वस्तीच्या बेटांवर गावकऱ्यांना पाहुणे ठेवायची मुभा मिळाली. माफुशी या मासेमाऱ्यांच्या बेटावर आता ओळीने गेस्टहाउसे आहेत. पाण्यावरची खोली नाही, जिना नाही, भाडे मात्र आपल्यासारख्याला परवडेल असे. गावातून जाताना अंग झाकून जायचे, दारू मिळणार नाही. आणि पोहण्याच्या कपड्यांत फिरायला किनाऱ्याचा एक वेगळा तुकडा आखून दिलेला आहे, गावाच्या नजरेआड.